घोड्यावरचा धाकला

त्या कादंबरीतल्या संतांशी माझं भांडण आहे आणि ते मिटायचं नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं.

कादंबरी स्पेनमधली, चारशे वर्षांपूर्वीची, विनोदी. एक वाळका म्हातारा शौर्याच्या जुन्या गोष्टी वाचून वाचून खुळा होतो, स्वतःला शिलेदार समजायला लागतो आणि मरतुकड्या घोड्यावर बसून जगाचं भलं करायला निघतो. त्याच्यामागे गाढवावर बसून त्याचा जाडा सोबती. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. नाव मी सांगत नाही. इथं कुणाचंच नाव सांगणार नाही, वडिलांचं नाही, आमच्या गावाचं नाही, माझं तर नाहीच. संतांची तेवढी घेईन, कारण त्यांना आता कशाने काही फरक पडत नाही.

मी सांगलीत एका कॉलेजात मराठी शिकवते. इंग्रजीवरून ही कादंबरी मराठीत आणायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. भाषांतर संपत आलं तेव्हा प्रकाशकांनी कळवलं की यात जागोजागी ख्रिस्ती संत येतात, आपल्या वाचकाला त्यातला एकही ठाऊक नाही, तेव्हा टिपा लिहा. मला वाटलं, असतील दहा-पंधरा, एका सुट्टीत उरकेल. बसले तेव्हा कळलं की त्या देशातली माणसं शिंकली तरी एखाद्या संताला हाक मारतात. एका पोराला मालक चाबकाने फोडतो, तर ते पोर म्हणजे कातडी सोललेला संत बार्थोलोम्यू. कुणाचे दिवस भरत आले की त्याचा संत मार्टिन जवळ आला म्हणायचं, कारण तिकडे त्या संताच्या सणाला डुकरं कापतात. आणि हाच मार्टिन दुसऱ्या ठिकाणी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा फाडून अर्धा देतो. एकाच बाबाकडे दान आणि डुकरं अशी दोन्ही खाती कशी काय, हे मला कुणी नीट सांगितलं नाही.

कादंबरीचे पहिले श्रोते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. प्राथमिक शाळेतले मास्तर, सगळी नोकरी साताऱ्याच्या बाजूला, रहिमतपूरच्या आसपासच्या गावांत. आई गेल्यावर मी त्यांना सांगलीला आणलं. मी एकटीच असते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. रोज सकाळी चहा झाला की मी आदल्या दिवशीची पानं वाचायची आणि आबांनी डोळे मिटून ऐकायचं, असा शिरस्ता पडला. त्यांची मराठी घासूनपुसून लख्ख. 'आहे'ला 'हाय' म्हटलेलं त्यांना शाळेत खपायचं नाही आणि घरात तर मुळीच नाही. ही भाषा आपल्याला कुणी वाढून दिलेली नाही, कष्टाने मिळवली आहे, तेव्हा सैल सोडायची नाही, असं ते म्हणायचे. गावाकडची भाषा मला येते, पण आबांसमोर ती बोलायची माझी कधी छाती झाली नाही.

कादंबरीच्या दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. हिरव्या कुरणावर काही माणसं जेवायला बसलीत आणि त्यांच्याजवळ पांढऱ्या चादरींखाली काहीतरी झाकून ठेवलंय. शिलेदार विचारतो, काय आहे हे? ती माणसं म्हणतात, आमच्या गावच्या देवळासाठी कोरून घेतलेल्या मूर्ती आहेत. मग ते एकेक चादर काढत जातात आणि खालून घोड्यावरचे संत निघतात. पहिला संत जॉर्ज, सापाच्या तोंडात भाला खुपसलेला.

"या महाशयांना शिराळ्यात पाय ठेवू देऊ नकोस," आबा डोळे न उघडता म्हणाले. "नागपंचमीला बायका ज्याला ओवाळतात त्याच्या तोंडात भाला? त्या याला घोड्यावरून खाली ओढतील."

मग मार्टिनची चादर निघाली. शिलेदार म्हणतो, दिवस थंडीचे असणार, नाहीतर याने सगळाच झगा देऊन टाकला असता. गाढवावरचा सोबती म्हणतो, छे, द्यायलाही अक्कल लागते आणि राखायलाही. आबा ठसका लागेपर्यंत हसले. हा आपल्याकडचाच गडी आहे म्हणाले. मग डोळे पुसत पुसत त्यांनी मला टोपल्याची गोष्ट सांगितली. ती मी जन्मापासून ऐकत आले होते, पण चादरींवरून त्यांना आठवली आणि मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली.

छप्पन साली दीक्षा झाली त्यानंतरची गोष्ट. आबांच्या वडिलांनी घरातले देव काढले. देव म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेले टाक, देवाचं चित्र ठोकलेले बोटभर लांबीचे पत्रे, आणि शेंदूर फासलेले दोन गोटे. ते सगळं टोपल्यात भरलं, वर जुन्या लुगड्याचा धडपा टाकला आणि टोपलं आबांच्या डोक्यावर दिलं. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. ते तीन मैल चालत कृष्णेवर गेले, कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि टोपलं उपडं केलं. "मी मागं वळून पाहिलं नाही," हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. ते म्हणताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

आमच्या घरात म्हणूनच कुणाला काही मागायची रीत नाही. नवस नाही, उपास नाही, गंडा-दोरा नाही. भिंतीवर दोन फोटो, ते कुणाचे हे सांगायची गरज नाही, आणि त्यांच्यापुढेही हात जोडायचे ते वंदनेसाठी, मागण्यासाठी नाही. आई आजारी पडली तेव्हा आबांनी औषधपाणी केलं, उशाशी बसून राहिले, आणि ती गेली तेव्हा म्हणाले, आपल्या हातात होतं तेवढं केलं. मी त्या घरातली मुलगी. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी मिरवतही असे.

मग आबा विसरायला लागले. पहिल्यांदा चष्मा, मग दुपारी जेवलो की नाही ते, मग घराचा रस्ता. मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून मला दाखवला. हे असं वाळत जाणार, म्हणाले, याला उपाय नाही, सांभाळणं एवढंच. येताना बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून बसले होते. तासगावच्या मैत्रिणीच्या शेडवर मी द्राक्षं वाळताना पाहिली आहेत. त्यांचा निदान बेदाणा होतो, असं माझ्या मनात आलं आणि माझा मलाच संताप आला.

भाषा त्यांना उलट्या क्रमाने सोडून गेली. आधी मोठे शब्द गेले, मग 'आहे' गेलं, 'नाही'चं 'न्हाई' झालं, आणि दोन वर्षांत मास्तर पार निघून जाऊन खेड्यातलं एक पोर माझ्या घरात राहायला आलं. ते पोर मला ओळखत नव्हतं. मला ते 'बाई' म्हणायचं, सांभाळायला ठेवलेल्या बाईला म्हणतात तसं.

"बाई, माजी पोरगी कवा यायची?"

"आलेय आबा. मीच ती."

"न्हाई वो बाई. ती लय शिकलीया. सांगलीला असती."

हे रोज. मी कॉलेजातून येऊन दाराशी चप्पल काढायची आणि माझीच वाट पाहणाऱ्या माणसाला, ती अजून आली नाही, असं सांगायचं. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ओळखावं, माझं नाव घ्यावं, एवढंच. पण हे मागायचं कुणाकडे?

त्याच दिवसांत अपोलोनियाची टीप लिहायची होती. कादंबरीत शिलेदाराचं घर सांभाळणारी बाई मालक पुन्हा खुळ्यासारखा बाहेर पडणार म्हणून रडत एका शिकलेल्या गृहस्थाकडे जाते. तो तिला म्हणतो, जा घरी आणि वाटेत संत अपोलोनियाची प्रार्थना म्हण. ती म्हणते, अहो, ती दातदुखीवर! माझ्या मालकाचं दुखणं दातात नाही, डोक्यात आहे. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी हसत हसत मराठीत केलं होतं. आता टीप लिहिली: 'अपोलोनिया. हिचा छळ करताना हिचे दात पाडले गेले, म्हणून दातदुखीवाले हिला आळवतात.' एवढं लिहून मी टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून रडले. दाताला आहे, घशाला आहे, डोळ्याला आहे. माझ्या आबांच्या डोक्यालाच तेवढं कुणी नव्हतं. असेलही कुठे, पण त्या नऊशे पानांत मला सापडलं नाही.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. मिरजेला दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. आबांना आंघोळ घालायला त्या रोज येत. त्या दिवशी आबांच्या पाठीला साबण लावता लावता मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला अपोलोनियाची प्रार्थना येते?"

"कोण ही?"

"संत आहे. तुमच्यातली."

त्या हसायला लागल्या. "आमच्यात संतबिंत न्हाईत मॅडम. ते कॅथलिक लोकांत. आमच्या चर्चात नुसता क्रूस, बाकी भिंती कोऱ्या. माझ्या पणज्यानं मिशनवाल्यांच्या काळात घरातलं देव विहिरीत टाकलं, ते काय दुसरं आणून बसवायला?"

मी वर्षभर मनात धरून होते की संतांचं काही अडलं तर सिस्टर आहेतच. ख्रिस्ती म्हटलं की संत माहीत असणारच, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आमच्याविषयी लोक असंच परस्पर ठरवतात तेव्हा मी त्यांच्या अंगावर धावून जाते. मला शरम वाटली.

"मग तुम्ही मागता कुणाकडे?"

"सरळ वर. मधी कुणी नको." त्यांनी तांब्याने आबांच्या खांद्यावर पाणी ओतलं. "आणि तुमी वो?"

"आमच्यात वर कुणी नाही, सिस्टर."

त्यांनी तांब्या पुन्हा बादलीत बुडवला. आबा दोघींच्या मधे ओल्या अंगाने बसले होते, कुणाविषयी बोलणं चाललंय याची त्यांना दाद नव्हती. मग सिस्टर म्हणाल्या, "मी मागू का तुमच्या वतीनं?"

मी हो म्हटलं. आबांच्या मुलीने हो म्हटलं. पुढचे पंधरा दिवस आबा मला बाईच म्हणत राहिले.

डिसेंबरातल्या एका दुपारी ते अंथरुणातून उठून कपाटाखाली वाकून शोधू लागले. काय हवंय विचारलं, तर म्हणाले, "टोपलं कुठं हाय?"

"कसलं टोपलं?"

"देवाचं. आयनं धाकला मागितला हुता."

मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बडबडताहेत. मी त्यांना धरून कॉटवर बसवलं. ते माझ्याकडे न बघता, ओंजळ पुढे धरून बोलत राहिले. "आय म्हनली, बा म्हनतुया तर न्हे. म्या आडवत न्हाई. पर धाकला तेवडा माज्या पदरात टाक. माज्या आयनं दिल्याला हाय त्यो." त्यांनी ओंजळ मिटली. "म्या न्हाई दिला. आय दारात हुबी हुती. पदर फुडं धरून."

त्या गोष्टीत आजी कधी नव्हतीच. मी शेकडो वेळा ऐकलेल्या गोष्टीत टोपलं होतं, धडपा होता, तीन मैलांची वाट होती, कमरेएवढं पाणी होतं, पण दारात पदर पसरून उभी असलेली बाई नव्हती. मागं वळून पाहिलं नाही हे वाक्य ते मान ताठ करून म्हणत. मागं कोण उभं होतं ते मला सत्तर वर्षांनी कळलं.

त्या दुपारपासून आमच्या घरातली शांतता संपली. सकाळी उठल्यापासून टोपलं कुठं हाय. घास तोंडात धरून बसायचे, गिळायचे नाहीत. "आय माज्यासंगं बोलंना झालीया," म्हणून रडायचे, लहान पोर रडतं तसं खांदे उडवून. ऐंशी पार केलेल्या माणसाला असं रडताना बघवत नाही. मी सांगून पाहिलं की आजीने केव्हाच माफ केलंय. ते म्हणायचे, "तुमाला काय म्हाईत बाई?" खरंच होतं, मला काय माहीत! धाकला म्हणजे टोपल्यातला सगळ्यांत लहान टाक, एवढं मला कळलं होतं. तेवढ्याच आकाराचं म्हणून मी माझं कानातलं काढून त्यांच्या हातावर ठेवलं, ते त्यांनी भिरकावलं. नाकातली जुनी फुली, चावी, बिल्ला, काय काय देऊन पाहिलं. "ह्यो न्हवं," एवढंच. कोणता मग? सांगा ना कोणता? ते त्यांना सांगता येत नव्हतं. बोटं हवेत फिरवायचे आणि हरायचे.

तरी सकाळचं वाचन मी सोडलं नव्हतं. त्यांना अर्थ लागत नसला तरी माझा आवाज चालू असेपर्यंत ते रडत नसत, आणि मलाही टिपा तपासायच्या होत्याच. असं करत करत ते कुरणावरचं प्रकरण पुन्हा आलं. चादरी आल्या. जॉर्ज आला, मार्टिन आला. आबा भिंतीकडे बघत होते. मग तिसरी चादर निघाली. तिच्याखाली स्पेनचा रखवालदार संत सँटियागो, घोड्यावर, हातात उगारलेली तलवार, पायाखाली शत्रू तुडवलेले.

आबांनी माझं मनगट पकडलं. "त्योच."

"कोण?"

"घोड्यावरचा. तलवारवाला. आयचा धाकला." त्यांचे डोळे इतके उघडे होते की मला भीती वाटली. "कुठं घावला? त्येनला सांगा, द्या म्हनावं."

ते त्या जेवायला बसलेल्या माणसांकडे मागत होते. चारशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमधल्या, कुठल्यातरी गावाला मूर्ती घेऊन निघालेल्या माणसांकडे. मी पुस्तक मिटलं. त्या प्रकरणात पुढे शिलेदार म्हणतो की या संतांनी लढून स्वर्ग तरी मिळवला, मी एवढे हाल काढून काय मिळवतोय ते माझं मलाच कळत नाही. ते मला वाचताच आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी पेठेतल्या एका सराफाकडे गेले. ओळखीचं कुणी बघत नाही ना, असं चारदा मागे वळून पाहत गेले. बावीस प्रतिज्ञा मला पाचवीत असल्यापासून पाठ आहेत. आबांनीच करून घेतल्या. आणि मी टाक विकत घ्यायला दुकानात उभी होते.

"कुलदैवत कोणतं ताई?" सराफाने विचारलं.

"नाही."

"माहीत नाही का?"

"नाहीच आहे. घोड्यावरचा द्या. तलवारवाला."

"घोड्यावरचे दोन येतात. खंडोबा आणि जोतिबा." त्याने दोन्ही काचेवर ठेवले. मला फरक कळेना. आजीचा कोणता होता ते सांगणारं जगात एकच माणूस होतं आणि त्याला आता स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि म्हटलं, "यातला धाकला द्या." सराफाने माझ्याकडे जरा पाहिलं, पण दिला. मी तो चष्म्याच्या डबीत घालून घरी आणला.

आबांच्या तळव्यावर ठेवला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने घोडा चाचपला, तलवार चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "आय," ते मला म्हणाले, "हाय बघ. म्या टाकला न्हाई." त्या दिवशी ते दोन पोळ्या जेवले.

चार दिवस घर शांत होतं. टाक मुठीत धरून ते उन्हात बसायचे. मी त्यांची आई झाले होते आणि मला ते चालत होतं. मुलगी नाही तर नाही, आई तर आई. भिंतीवरच्या दोन फोटोंकडे मात्र मी त्या चार दिवसांत पाहिलं नाही, पुसायलाही गेले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. आबांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधे त्यांचं आणि शेवटी आडनाव, वर्गात हजेरी घेताना घेतात तसं. ते त्यांनी नंतर कधी घेतलं नाही, म्हणून आवाज कसा होता ते मी अजून मनात घोकते.

"कॉलेज नाही का आज?"

"आहे. अकराला." मी वस्तरा खाली ठेवला.

"भाषांतर कुठपर्यंत आलंय?"

"झालं आबा. संतांच्या टिपा राहिल्यात थोड्या."

"त्या शिराळ्याच्या महाशयांची झाली का?" ते हसले, आणि हसता हसता गालावरचा साबण पुसायला त्यांनी हात वर केला. मूठ मिटलेली होती. ती त्यांनी उघडली.

ते बराच वेळ हातातल्या वस्तूकडे पाहत राहिले. "हे माझ्या हातात कुणी दिलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. कुणीतरी विसरून गेलं, खेळणं आहे, काहीही. पण सहा महिने मी ज्या माणसाची वाट पाहिली तो समोर बसला होता, आणि त्या माणसाशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"मी दिलं."

"तू?" असा आवाज त्यांनी माझ्याशी आयुष्यात कधी काढला नव्हता. "आपल्या घरात? कशासाठी?"

"तुम्ही मागत होता, आबा."

"मी?"

"हो."

"किती दिवस?"

"दीड महिना झाला असेल."

"रडत होतो?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांचा राग उतरला. तो उतरताना मला दिसला आणि मला वाटलं, रागच राहिला असता तर बरं झालं असतं. ते भिंतीवरच्या फोटोंकडे पाहत अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी गेलोच की गं."

त्या कादंबरीच्या शेवटी खुळा शिलेदार शहाणा होतो. आपण कोण होतो आणि काय करत होतो ते त्याला लख्ख कळतं. लोक म्हणतात, विनोदी पुस्तक आहे.

आबांनी टाक माझ्या हातात दिला. "कृष्णेत टाकून ये. आत्ता जा. मी विसरायच्या आत."

"तुम्ही परत मागितलात तर?"

"तो मी नसेन."

"आणि आजीने मागितला होता त्याचं काय, आबा?"

त्यांनी तोंड फिरवलं. एका गालावर अजून साबण होता. "मी बापाचं ऐकलं," ते म्हणाले.

मी सिस्टरांना हाक मारून त्यांच्याजवळ बसवलं आणि रिक्षाने घाटावर गेले. साताऱ्याकडून येते तीच कृष्णा. पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. दोन पायऱ्या पाण्यात उतरून मी उभी राहिले. तो पत्रा इतका हलका होता की हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. न टाकता पर्समध्ये ठेवून परत जाता येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. दहा वेळा आलं. पण मला नावाने हाक मारणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, आणि तसं सांगणारा माणूस मला परत भेटेल याची खात्री नव्हती. मी टाकला. आवाजसुद्धा झाला नाही.

घरी यायला तास गेला असेल. आता जाऊन त्यांच्या पायाशी बसायचं, टाकून आले म्हणायचं, मग ते पुन्हा नाव घेतील, असं काय काय मी रिक्षात ठरवत होते. दार सिस्टरांनी उघडलं आणि त्या बाजूला सरल्या. त्यांनी आबांची उरलेली दाढी करून दिली होती. आबा कॉटवर बसून रिकामे हात उलटेसुलटे करून बघत होते. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"आय, धाकला कुठं हाय?"

मी दारातच उभी राहिले, ओल्या साडीने. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. त्यांनीही बापाचं ऐकलं होतं आणि मीही बापाचं ऐकून आले होते.

मग मी जवळ जाऊन त्यांच्यापुढे बसले, त्यांचे दोन्ही हात मिटवले आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांसमोर ती भाषा बोलले. "ऱ्हाऊ दे रं. गेला तर गेला. म्या न्हाई रागावले तुज्यावर. तवाबी न्हवते."

ते माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहत राहिले. मग त्यांनी बोटाने माझा गाल पुसला.

"मग रडतीस कशापायी, आय?"